तलावातले आंबट पाणी

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी पोहण्याचा तलाव आहे? हात वर करा पाहू! एकही हात वर आला नाही ना? मला वाटलेच होते. मग असल्या तलावाचा धडा आपण कशाला वाचायचा, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर असे, की ज्यांच्या घरी तलाव असतो, ते लोक त्याची देखभाल स्वतः क्वचितच करतात. मुंबई-पुण्याचे लोक कोकणात बंगले बांधतात, अंगणात तलाव खोदतात आणि शनिवारी-रविवारी पोहायला येतात. सोमवार ते शुक्रवार त्या पाण्याकडे कोण पाहते? तुमच्या-आमच्या घरातलाच कोणीतरी.

समजा, ते तुमचे मामू आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात समुद्राजवळच्या एका गावात ते एका बंगल्याची राखण करतात. झाडांना पाणी घालणे, अंगण झाडणे आणि तलाव स्वच्छ ठेवणे ही त्यांची कामे. पावसाळा नुकताच संपला आहे, दिवाळीची सुट्टी लागली आहे आणि तुम्ही मामूंकडे राहायला आला आहात. आज गुरुवार. सकाळीच मालकांचा फोन आला.

"आम्ही शनिवारी संध्याकाळी मुलांना घेऊन येतोय. मागच्या वेळी पोहून झाल्यावर मुलांचे डोळे लालभडक झाले होते. या वेळी पाणी नीट ठेवा. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

मामूंचा चेहरा उतरला. ते तुम्हाला तलावाजवळ घेऊन गेले आणि म्हणाले, "बेटा, तूच सांग, या पाण्यात काय वाईट आहे?"

तुम्ही वाकून पाहिले. पाणी काचेसारखे स्वच्छ! तळाची फरशी न् फरशी दिसते आहे. शेवाळ नाही, पाने नाहीत, घाण वास नाही. मामू रोज जाळीने कचरा काढतात, पंप चालवतात. मागच्या आठवड्यात मुलांचे डोळे लाल झाले, तेव्हा त्यांना वाटले की औषध कमी पडले. म्हणून त्यांनी क्लोरीनच्या दोन गोळ्या जास्त टाकल्या. पाणी आणखी चकचकीत झाले; पण डोळ्यांची आग थांबली नाही.

आता जरा बारकाईने पाहा. पाण्यात उतरण्याची शिडी पोलादाची आहे, तिच्यावर न गंजणारे पोलाद असे लिहिलेले आहे. तरी तिच्या पायऱ्यांवर तपकिरी डाग पडले आहेत. कडेच्या फरशांवरून बोट फिरवा. दोन फरशांच्या सांध्यात जे पांढरे सिमेंट भरलेले असते, ते खरखरीत लागते. काही ठिकाणी तर ते झिजून खाच पडली आहे. दगडासारखे घट्ट झालेले सिमेंट कोणी खाल्ले? उंदराने तर नाही ना? ते पाण्याने खाल्ले आहे. काचेसारखे दिसणारे हे पाणी आंबट झाले आहे.

आंबट म्हणजे लिंबाच्या सरबतासारखे नव्हे, बरे का! जिभेला कळणारही नाही इतके थोडे. (आणि तलावाचे पाणी चाखून पाहायचे नसते.) तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला तुर्शा म्हणतात, त्याला मराठीत आम्ल म्हणतात. लिंबात, चिंचेत, दह्यात आम्ल असते. याच्या उलट गुणाच्या पदार्थाला तुमच्याकडे असास म्हणतात आणि मराठीत आम्लारी. चुन्याची निवळी, साबणाचे पाणी, धुण्याचा सोडा हे आम्लारी गुणाचे पदार्थ आहेत.

पाणी किती आम्ल आहे हे सांगायला एक मोजपट्टी आहे. डेन्मार्क देशातील कोपनहेगन शहरात कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा नावाची एक संस्था आहे. तेथील सोरेन्सन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली ही मोजपट्टी सुचवली. इंग्रजीत तिला पीएच म्हणतात. मराठीत तिला 'सामू' असा छोटासा शब्द आहे. शेतकऱ्यांना तो चांगला ठाऊक असतो, कारण मातीची तपासणी करून आणली की कागदावर पहिल्यांदा मातीचा सामू लिहिलेला असतो.

ही मोजपट्टी साधारणपणे ० पासून १४ पर्यंत असते. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याहून कमी म्हणजे आम्ल, त्याहून जास्त म्हणजे आम्लारी. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास, समुद्राच्या पाण्याचा सुमारे ८.१. पण या मोजपट्टीची एक गंमत लक्षात ठेवा. सामू ७ वरून ६ वर आला, तर पाणी थोडेसे आम्ल झाले असे समजू नका. ते दहा पट आम्ल झाले! आणखी एक पायरी उतरून ५ झाला, तर शंभर पट. म्हणून सामूच्या बाबतीत दशांश चिन्हानंतरच्या आकड्यालाही फार महत्त्व असते.

आपल्या डोळ्यांतील अश्रूंचा सामू सुमारे ७.४ असतो. म्हणून पोहण्याच्या तलावाचे पाणी ७.२ ते ७.८ या दरम्यान ठेवतात. पाणी अश्रूंच्या जवळपास असले, की डोळ्यांना ते परके वाटत नाही.

मामूंकडे कपाटात पाणी तपासण्याची एक छोटी पेटी आहे. मालकांनी ती कधीतरी आणून दिली होती. पण तिच्यावरची सगळी माहिती इंग्रजीत असल्यामुळे ती तशीच पडून राहिली. तिच्यात काचेची एक नळी, थेंबांच्या काही बाटल्या आणि रंगांचा एक तक्ता आहे. कोपरापर्यंत हात बुडवून खोलातले पाणी नळीत घ्या. वरचे घेऊ नका. वरच्या थरात धूळ, ऊन, पाऊस यांमुळे फरक पडतो. एका बाटलीवर फिनॉल रेड असे नाव आहे. तिचे सांगितले आहेत तेवढे थेंब टाका, नळी हलवा आणि तक्त्याशी रंग जुळवून पाहा. पाणी ठीक असेल तर रंग नारिंगी-तांबूस येतो. फार आम्लारी असेल तर गडद गुलाबी-लाल येतो.

तुमच्या नळीत आला हळदीसारखा पिवळा! तक्त्यावर त्याच्याखाली ६.८ लिहिले आहे. पण ६.८ च्या खाली कितीही गेले, तरी हे औषध पिवळेच राहते. म्हणून वहीत लिहा, 'सामू ६.८ किंवा त्याहून कमी.' जेवढे दिसले तेवढेच लिहायचे.

हळदीवरून आठवले. कपड्यावर पडलेला हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, हे अम्मीला कपडे धुताना तुम्ही पाहिले असेल. हळद आम्लारी पदार्थ ओळखते. पण तिला आम्ल आणि साधे पाणी यांतला फरक कळत नाही. दोन्हींत ती पिवळीच. आम्ल ओळखायचे असेल, तर लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवा. ते रंगीत पाणी लिंबाच्या रसात टाकले, तर भडक गुलाबी होते आणि सोड्याच्या पाण्यात हिरवट. असे रंग बदलून गुण सांगणाऱ्या पदार्थाला दर्शक म्हणतात. कोकणात जास्वंद दारोदारी असते, तेव्हा हा दर्शक फुकटचा आहे.

आता पाणी आम्ल झाले कसे, ते शोधू या. मामूंनी त्यात लिंबे तर पिळली नव्हती!

पहिला संशय पावसावर. हवेत कार्बन डायऑक्साइड वायू असतो. पावसाचे थेंब खाली येताना तो थोडा थोडा विरघळवून घेतात आणि किंचित आम्ल होतात. अगदी स्वच्छ हवेतल्या पावसाचाही सामू सुमारे ५.६ असतो. आता जरा गणित करा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. तीन हजार मिलिमीटर म्हणजे तीन मीटर. मामूंचा तलाव १० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे. त्याच्यावर आभाळातून पडलेले पाणी झाले १० × ४ × ३ = १२० घनमीटर. आणि तलावात मावते किती? एका टोकाला खोली १ मीटर, दुसऱ्या टोकाला दीड मीटर, म्हणजे सरासरी सव्वा मीटर. १० × ४ × १.२५ = ५० घनमीटर. म्हणजे पावसाळ्यात तलावाच्या दुपटीहून अधिक पाणी वरून आले आणि कडेवरून वाहून गेले! मामूंनी उन्हाळ्यात जे पाणी भरले होते, त्यातले आता फारच थोडे उरले असेल.

दुसरा संशय विहिरीवर. कोकणात ज्या तांबड्या दगडाचे चिरे काढून घरे बांधतात, तो जांभा दगड. शतकानुशतकांच्या पावसाने या दगडातला चुना धुऊन नेलेला असतो. त्यामुळे जांभ्याच्या भागातले पाणी बहुतेक मऊ असते. त्यात साबणाला पटकन फेस येतो, डाळ लवकर शिजते. स्वयंपाकघरात हा गुण. तलावात मात्र तोच दोष ठरतो. का, ते पुढे सांगतो.

तिसरा आणि खरा गुन्हेगार मात्र मामूंच्या हातातच होता. त्या पांढऱ्या गोळ्या! तलावासाठी क्लोरीन अनेक रूपांत मिळतो. कोणी पातळ औषध वापरतात, कोणी दाणेदार पावडर, कोणी गोळ्या. तरंगत्या डब्यात ठेवल्या, की हळूहळू विरघळत राहतात, म्हणून गोळ्या सोयीच्या. पण या गोळ्या बहुधा ट्रायक्लोर नावाच्या पदार्थाच्या असतात आणि तो चांगलाच आम्ल असतो. त्याच्या एक टक्का द्रावणाचा सामू ३ च्या आसपास भरतो. चार महिने पाऊस पडतो आहे, पाणी वाहून जाते आहे आणि मामू इमानदारीने गोळ्यांवर गोळ्या टाकत आहेत. मुलांचे डोळे लाल झाले, तेव्हा त्यांनी आणखी दोन टाकल्या. म्हणजे जखमेवर मलम म्हणून मीठच चोळले की!

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आम्ल पाण्यात क्लोरीन दुबळा होतो, असे पुष्कळांना वाटते. खरे तर उलट आहे. सामू कमी असला, तर क्लोरीन अधिक तीव्रतेने जंतू मारतो. सामू ८.५ पर्यंत चढला, तर त्याची बरीचशी ताकद निघून जाते. मग आम्ल पाणी चांगलेच नाही का? नाही. कारण ते जंतूंवर थांबत नाही. ते शिडी खाते, सिमेंट खाते, पंपाचे धातूचे भाग खाते. पाणी तापवायच्या यंत्रात तांब्याच्या नळ्या असतील, तर तांबे विरघळून पाण्यात हिरवट झाक येते. डोळे आणि कातडी यांना तर त्याचा त्रास होतोच.

आणि डोळे झोंबण्याचे दुसरेही एक कारण असते, तेही सांगून टाकतो. तलावाजवळ जो उग्र वास येतो, त्याला लोक क्लोरीनचा वास म्हणतात. तो बहुतेक वेळा क्लोरीन आणि घाम किंवा लघवी यांच्या संयोगाने तयार झालेल्या पदार्थांचा असतो. पोहण्यापूर्वी अंघोळ करा अशी पाटी तलावावर असते, ती उगीच नसते. मालकांच्या मुलांना हे सांगायचे धाडस मामू करतील की नाही, ते मी सांगू शकत नाही.

आता त्या मऊ पाण्याच्या दोषाकडे वळू. त्यासाठी एक प्रयोग करा. तलाव नसला तरी चालेल. दोन ग्लास पुरेत. दोन्हींत सारखेच पावसाचे किंवा गाळलेले मऊ पाणी घ्या. एका ग्लासात खाण्याचा सोडा चिमूटभर टाका आणि विरघळू द्या. दोन्हींत जास्वंदीचे पाणी सारखे घाला. मग प्रत्येकात लिंबाच्या रसाचा एकेक थेंब टाकत जा आणि थेंब मोजा. साध्या पाण्याचा रंग काही थेंबांतच भडक गुलाबी होईल. सोड्याचा ग्लास मात्र थेंबामागून थेंब पचवत राहील. बारीक बुडबुडे येतील. पण रंग लवकर बदलणार नाही.

सोड्याने काय केले? त्याने लिंबातले आम्ल स्वतःवर झेलले. पाण्याच्या या झेलण्याच्या ताकदीला अल्कता म्हणतात. सामू म्हणजे पाणी आत्ता किती आम्ल आहे, तर अल्कता म्हणजे ते पुढे किती आम्ल सहन करू शकेल. घरातल्या रोजच्या खर्चाला लागणारे पैसे आणि अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेली शिल्लक, असा हा फरक आहे. शिल्लक नसली, की एका आजारपणात घर कोलमडते. अल्कता नसली, की एका सरीत किंवा दोन गोळ्यांत सामू घसरतो.

अल्कता लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. तलावात ती ८० ते १२० असावी. पेटीतल्या दुसऱ्या बाटल्यांनी ती मोजता येते. रंग बदलेपर्यंत थेंब टाकायचे आणि थेंबांची संख्या दहाने गुणायची. (काही पेट्यांत हा हिशेब वेगळा असतो, तो पेटीवर लिहिलेला असतो.) तुम्ही मोजले. चार थेंबांत रंग बदलला. म्हणजे अल्कता फक्त ४०. शिल्लक संपत आली आहे.

"मग आत्ताच सोड्याचे पोते ओतू या!" मामू म्हणाले.

थांबा, मामू! सोडे दोन आहेत. एक खाण्याचा सोडा, जो भजी फुलवायला आणि पावात घालतात. तो सौम्य असतो. तो अल्कता वाढवतो. सामू थोडासाच वर नेतो. दुसरा धुण्याचा सोडा. तो तीव्र असतो, हाताला झोंबतो आणि सामू झटकन वाढवतो. धुण्याचा सोडा एकदम ओतला, तर पाणी दुधासारखे गढूळ होऊ शकते. सामूही उडी मारून ८ च्या पलीकडे जाईल. मग तो खाली आणायला आम्ल घालावे लागेल आणि ते जास्त झाले की पुन्हा सोडा. अशा झोक्यावर तलावाला बसवण्यात अर्थ नाही. आधी शिल्लक भरायची, मग सामूकडे पाहायचे.

किती खाण्याचा सोडा लागेल? १००० लिटर पाण्याची अल्कता १० ने वाढवायला सुमारे १७ ग्रॅम लागतात. तलावात ५० घनमीटर, म्हणजे ५०,००० लिटर पाणी आहे. तेव्हा १० ने वाढवायला १७ × ५० = ८५० ग्रॅम. आपल्याला ४० वरून ८० वर, म्हणजे ४० ने वाढवायची आहे. ८५० × ४ = ३४०० ग्रॅम, अर्थात ३ किलो ४०० ग्रॅम. वाण्याकडच्या छोट्या पुड्या घेत बसलात तर दुकान रिकामे होईल. सुटा सोडा किलोवर मिळतो, तो घ्या. वजन अंदाजाने करू नका, तराजूवर करा.

कामाची वाटणी अशी. हिशेब, मोजणी आणि वहीत लिहिणे ही तुमची कामे. औषधांना हात लावणे हे मामूंचे काम, तेही रबरी हातमोजे घालून. आणि मामू जवळ नसताना तलावाच्या काठावर जायचे नाही, पोहता येत असले तरी.

गुरुवारी सकाळी मामूंनी पंप चालू केला. अर्धा सोडा, म्हणजे १ किलो ७०० ग्रॅम, त्यांनी थोडा थोडा करून बादलीभर पाण्यात कालवला आणि तलावाच्या चारी बाजूंनी फिरत ओतला. उरलेला अर्धा संध्याकाळी. रात्रभर पंप चालू ठेवला. नव्या गोळ्या टाकल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी पुन्हा नळी भरली. अल्कतेला आता आठ थेंब लागले, ८०! सामूचा रंग पिवळा राहिला नव्हता, पण पुरता नारिंगीही नव्हता, तक्त्यावरच्या ६.८ आणि ७.२ या दोन रंगांच्या मधला. वहीत लिहिले, 'सुमारे ७.१.' खाण्याच्या सोड्याने आपले काम केले. आता उरलेल्या थोड्या वाटेसाठी धुण्याचा सोडा. मामूंनी ३०० ग्रॅम सोडा बादलीत विरघळवला आणि पाण्यात पसरवला. त्यांचा हात पुन्हा पोत्याकडे गेला होता, हे तुम्ही पाहिलेत. पण त्यांनी तो मागे घेतला. पाण्याला मिसळायला वेळ लागतो. पंप चालू ठेवून पाच-सहा तास वाट पाहणे हेही औषध घालण्याइतकेच काम आहे आणि माझ्या मते जास्त अवघड.

त्या वेळात एक गोष्ट करता येते. बंगल्याच्या तलावात एक छोटे कारंजे आहे. ते सुरू करून द्या. सोडावॉटरची बाटली उघडी राहिली, की तिच्यातला वायू निघून जातो आणि तिची झणझणीत चव उतरते, हे तुम्हाला माहीत आहे. तसेच हे. पाणी उडाले, खळबळले, की त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि सामू आपोआप थोडा वर येतो. त्यासाठी वाण्याकडे जावे लागत नाही.

संध्याकाळी पाचला रंग ७.२ शी जुळला. आणखी ३०० ग्रॅम. मग रात्र.

या रात्रीच्या वेळात मी तुम्हाला एक महत्त्वाची गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. तलावाच्या औषधांची खोली मामूंनी उघडून दाखवली, तेव्हा तिच्यात गोळ्यांचा डबा, ब्लीचिंग पावडरचे पोते आणि फरशी साफ करायच्या आम्लाचा कॅन हे सगळे एकाच फळीवर होते. वरच्या छपरातून पाणी गळत होते. हे फार धोक्याचे आहे. ब्लीचिंग पावडर किंवा पातळ क्लोरीन यांच्याशी आम्लाचा संयोग झाला, की क्लोरीन वायू सुटतो. त्याने श्वास कोंडतो, फुप्फुसे जळतात, माणूस दगावू शकतो. गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर ही दोन्ही क्लोरीनचीच औषधे; पण ती एकमेकांत मिसळली आणि ओलावा लागला, तर आग लागते, स्फोटही होऊ शकतो. म्हणून ज्या डब्यात गोळ्या घालतात, त्या डब्यात पावडर कधीही घालायची नाही. प्रत्येक औषधाचे माप वेगळे, जागा वेगळी, जागा कोरडी. आणि औषध नेहमी पाण्यात घालायचे; औषधावर पाणी ओतायचे नाही.

हे तुमच्या घरालाही लागू आहे. संडास-मोरी साफ करायला आपल्याकडे ज्याला तेजाब म्हणतात, ते आणतात. काही जण अधिक स्वच्छतेसाठी त्यातच ब्लीचिंग पावडर टाकतात. लहान, बंद मोरीत हा वायू सुटला, तर पळायलाही वेळ मिळत नाही. आज घरी गेल्यावर अम्मीला आणि आपाला हे सांगा. धडा पूर्ण पाठ झाला नाही तरी चालेल, हे मात्र सांगा.

मामूंनी त्याच रात्री कंदील धरून आम्लाचा कॅन तिथून हलवला आणि अंगणापलीकडच्या पडवीत कुलपात ठेवला. छपराचे कौल सकाळी बदलायचे ठरले.

शनिवारी सकाळी नळीत नारिंगी-तांबूस रंग आला. सामू ७.४. अल्कता ९०; धुण्याच्या सोड्यानेही तिच्यात थोडी भर घातली होती. क्लोरीन मोजला, तो लिटरला २ मिलिग्रॅम होता. तो १ ते ३ च्या दरम्यान असावा लागतो, तेव्हा तेही ठीक. झिजलेले सिमेंट मात्र सोड्याने भरून येत नाही. ते गवंड्याकडूनच भरून घ्यावे लागेल, आणि तसे मालकांना सांगावे लागेल.

आता पुढे काय? पुढच्या पावसाळ्यात गोळ्या टाकत राहिलात, तर हेच पुन्हा होणार. म्हणून पावसाच्या महिन्यांत मामूंनी पातळ क्लोरीन वापरावा. तो पाण्याला आम्ल करत नाही. मोठी सर येऊन गेली, की दुसऱ्या दिवशी सामू पाहावा. एरवी आठवड्यातून दोनदा सामू आणि एकदा अल्कता. गोळ्यांतून आणखी एक पदार्थ पाण्यात साठत जातो. त्याला स्थिरक म्हणतात. तो उन्हापासून क्लोरीनला वाचवतो. पण फार साठला तर क्लोरीनला कामच करू देत नाही. तो सोड्याने जात नाही. थोडे पाणी काढून नवे भरणे हाच त्यावरचा उपाय.

संध्याकाळी मालकांची गाडी आली. मुले उड्या मारत तलावाकडे धावली. मालक मामूंना म्हणाले, "काय हो, या वेळी औषध जास्त टाकलेत ना?"

मामूंनी उत्तर दिले नाही. त्यांनी तुमची वही मालकांच्या हातात दिली. गुरुवार, ६.८ किंवा कमी, ४०. शुक्रवार सकाळ, ७.१, ८०. शुक्रवार संध्याकाळ, ७.२. शनिवार, ७.४, ९०. खाली दोन ओळी होत्या: 'सिमेंट झिजले आहे, गवंडी पाहिजे. पातळ क्लोरीन पाहिजे.'

मालकांनी वही दोनदा वाचली. मग खिशातून पेन काढले आणि विचारले, "पातळ क्लोरीन किती लागेल?"

स्वाध्याय

१. पाणी स्वच्छ दिसत असूनही ते बिघडले आहे, हे कोणत्या खुणांवरून कळले?
२. मामूंनी गोळ्या वाढवल्या, त्यात त्यांची चूक काय झाली? ती चूक त्यांना का कळली नसावी? तुमच्या शब्दांत सांगा.
३. एका तलावाची लांबी ८ मीटर, रुंदी ५ मीटर आणि सरासरी खोली दीड मीटर आहे. त्याची अल्कता ६० आहे. ती ९० करायला किती खाण्याचा सोडा लागेल?
४. तुमच्या घरच्या, शेजारच्या विहिरीच्या आणि शाळेच्या नळाच्या पाण्यात जास्वंदीचा दर्शक घालून रंग पाहा आणि वहीत लिहा. जेवढे दिसेल तेवढेच लिहा.
५. मामूंच्या औषधांच्या खोलीच्या दारावर लावण्यासाठी मराठीत आणि उर्दूत एक सूचनाफलक तयार करा.